शंभर नंबरचा धूर

"आख्ख्या हिंगोली जिल्ह्यात टर्बो गाडीतलं माझ्याइतकं कळणारा माणूस दाखवा, आत्ता मिशी काढतो!"

विश्वंभरनं ही पैज लावली तेव्हा तो सलूनच्या खुर्चीत बसला होता, अर्ध्या तोंडाला साबण होता आणि वस्तरा तसाही मिशीवरूनच फिरून राहिला होता. त्यामुळं पैज कुणी घेतली न्हाई.

आता खरं सांगायचं तर त्याच्याकडं गाडी येऊन बराबर अकरा दिवस झाले होते. पुण्यातल्या मावसभावाकडून, सुरजकडून, घेतलेली. लाल रंगाची, एवढीशी! चौघं बसले की पाचव्याचा नुसता विचार मनात आला तरी दार लागायचं न्हाई. इंजन म्हणाल तर आपल्या विहिरीवरच्या मोटारीएवढं. पण त्याला टर्बो! अकरा दिवसांत विश्वंभरनं मोबाईलवर टर्बोचे बेचाळीस व्हिडिओ बघितले होते. जेवताना, झोपताना, म्हशीची धार काढताना. म्हशीला बी आता टर्बोतलं थोडंफार कळत असंल.

आणि नेमका बाराव्या दिवशी गाडीत आवाज सुरू झाला.

टक! टक-टक!

गाडी पळवली की टक. ब्रेक दाबला की टक-टक. त्याचा दोस्त धम्मानंद, ज्याचं बाळापूरला ट्रॅक्टरचं गॅरेज हाय, तो शेजारी बसला होता. त्यानं कान टवकारले.

"इशा, आवाज मागून येऊन राहिला. डिक्की उघडून बघ एकदा."

"डिक्की?" विश्वंभर असा हसला की बस्स. "अरे ट्रॅक्टरवाल्या, इंजन पुढं असतं! ह्याला नॉकिंग म्हणतात. पेट्रोल कमी नंबरचं हाय, म्हणून टर्बो आतून दार वाजवून राहिला. 'मला चांगलं द्या, चांगलं द्या!'"

"मला तर डबा वाजल्यासारखा वाटून राहिला."

"तू बेचाळीस व्हिडिओ बघ, मग बोल."

धम्मानंदनं मागच्या सीटकडं एकदा बघितलं न् कान खाजवला. बेचाळीस व्हिडिओपुढं ट्रॅक्टरवाल्याचं काय चालणार?

एरवी टकटक झाली असती न् राहिली असती. पण सोमवार जवळ आला होता! विश्वंभरची धाकटी बहीण कोमल आरोग्य सेविकेची परीक्षा पास झाली होती. दोन वेळा चार-चार मार्कांनी हुकली, तिसऱ्यांदा नंबर लागला. सोमवारी सकाळी दहाला हिंगोलीत कागदपत्रांची तपासणी. पत्रात काळ्या अक्षरात छापलेलं: उशीर झाल्यास उमेदवाराचा हक्क राहणार नाही. म्हंजे दहा वाजून एक मिनिटाला कोमलची नोकरी यादीतल्या खालच्या पोरीची!

कोमल म्हणली होती, "मी सातच्या एसटीनं जाते."

विश्वंभर म्हणला होता, "घरात टर्बो उभा असताना एसटी? लोक तोंडात शेण घालतील! मी नेतो. सव्वा तासात."

आता शब्द दिला होता, आणि गाडी तर टकटक करून राहिली होती.

त्या रात्री जेवताना त्यानं घरच्यांना ऑक्टेनचा तास घेतला.

"हे बघा, पेट्रोल तीन जातीचं. एक साधं. एक पंच्याण्णव नंबरचं. आणि एक शंभर नंबरचं, ते नांदेडला भेटतं. टर्बो म्हंजे काय? माय, तुझी चुलीची फुंकणी! इंजनाला फुंकर मारते."

"अस्सं व्हय," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांना एका मिनिटात कळलं.

वडील, माणिकराव, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मग फुंकणी असली तर लाकूड साधंच पुरतं की! आमच्या चुलीनं कधी सागवान मागितलं न्हाई."

"आबा, ऑक्टेन म्हंजे दम धरायची ताकद! साधं पेट्रोल फुंकर बसली की वेळेआधीच भडकतं. शंभर नंबरचं म्हणतं, थांब, वेळ येऊ दे!"

"मग दादा, तुझं ऑक्टेन किती?" कोमल म्हणाली. "तू तर फुंकर न मारताच भडकतोस!"

"कोमे, तुझ्याच नोकरीसाठी मरून राहिलो मी!"

"बघा, भडकला."

माणिकरावांनी आपला सल्ला दिला. "एकदम खुराक बदलू नको बाबा. जनावराला नवी पेंड घालायची तर आधी मूठभर जुन्यात मिसळावी, न्हाई तर हगवण लागते."

"गाडी हाय ती आबा, गोऱ्हा न्हाई! उलट जुनं सगळं संपवून मगच नवं घालायचं. कोऱ्या पोटावर!"

माणिकरावांनी ताटावरून उठताना गाडीकडं अशा नजरेनं बघितलं, जशी आजारी पडणार हे ठरलेल्या बैलाकडं बघतात.

शनिवारी विश्वंभर मोटरसायकलवर नांदेडला गेला. जाऊन येऊन नव्वद किलोमीटर! पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये शंभर नंबरचं पेट्रोल आणलं. पंपावरच्या माणसानं विचारलं, "कोणती बुलेट हाय?" तर विश्वंभर नुसता गूढ हसला. कॅन गोठ्यात कडब्याच्या आडोशाला असा ठेवला जसा नवसाचा बोकड बांधून ठेवतात. मग रविवारभर गाडी गावाभोवती फिरवली. का? तर टाकी रिकामी व्हावी म्हणून! चौदा चकरा. पोरं मोजून राहिली होती. शेवटी काटा लाल रेघेवर आला, न् विश्वंभरनं गाडी दारात आणून लावली. उपाशी!

सोमवारी पहाटे अंघोळ करून तो कॅन घेऊन आला. कॅन जरा हलका लागला.

"पाच लिटर आणलं होतं ना रे दादा? हे तर तीन वाटून राहिलं," कोमल म्हणाली. ती फाईल छातीशी धरून, पांढरा ड्रेस घालून, पायात नवी चप्पल, तयार होऊन उभी होती.

"उडतं ते! भारी पेट्रोल जास्त उडतं. साधं आळशी असतं, जागेवर बसतं."

मग त्यानं नरसाळं लावलं. पेट्रोल ओतलं तर काय, हिरवट-निळं, मोरपिसासारखं!

"बघ कोमे, रंग बघ! ह्याला म्हणतात शंभर नंबर!"

"शनिवारी असंच होतं?"

शनिवारी त्यानं रंग बघितलाच न्हवता. पण जाणकार माणूस असं कुठं कबूल करतो? "मुरतं ते," तो म्हणला.

पार्वतीबाईंनी दोघांच्या हातावर दही ठेवलं. माणिकराव तेवढे दिसले न्हाईत. ते उजाडायच्या आत शेतात गेले होते. सोयाबीनवर अळी पडली होती, फवारणी चालू होती.

सातला गाडी निघाली. पहिला एक किलोमीटर तर झकास! विश्वंभर म्हणला, "बघ, टकटक कमी झाली का न्हाई?"

टक! मागून उत्तर आलं.

"वेळ लागतो. भिनावं लागतं."

दुसऱ्या किलोमीटरला ते भिनलं. गाडीनं एक ढेकर दिला, आणि मागनं धूर! साधासुधा न्हाई. निळा, दाट, घोंगडीसारखा! आरशात रस्ता दिसेना. मागून येणारी एसटी त्या धुरात शिरली ती हॉर्न वाजवीतच बाहेर आली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं, "ए पाहुण्या! चूल पेटवली का डिक्कीत?"

"दादा, हीच ती एसटी होती," कोमल म्हणाली. "जिनं मी जाणार होते."

"दम धर! जुना कचरा जळून राहिला आतला. टर्बो साफ होऊन राहिला!"

"टर्बो साफ होईल रे, माझी नोकरी बी साफ होईल त्याच्यासंगं!"

तेवढ्यात मधलं गाव आलं, जांभळवाडी. रस्ता गावाच्या पोटातून जातो, दोन्ही बाजूंनी घरं. लाल गाडी धूर सोडीत शिरली आणि गावात एकच आरोळी उठली.

"धुराची गाडी आली रेऽऽ! डासाची गाडी आली!"

आता तुमीच सांगा, जांभळवाडीचं काय चुकलं? तीन महिन्यांपासून तिथं डासांनी माणसं उचलून न्यायचं बाकी ठेवलं होतं. घराआड एक तापाचं लेकरू. अर्जावर अर्ज चालले होते. आणि आज सकाळी सकाळी धूर सोडणारी गाडी, आत पांढऱ्या कपड्यातली बाई, हातात फाईल! एका बाईनं भाकरीची टोपली झाकली. दुसरीनं झोपलेलं पोरगं उचलून धुरात आणून धरलं, "बस बाबा, घे वास, डास मरतेत!" एक म्हातारा काठी टेकीत सरळ गाडीच्या पुढंच येऊन उभा राहिला. हे जळबाबाबा. गावातले सगळे अर्ज ह्यांच्याच अंगठ्याचे.

"थांबा! कुठं चालले सरळ सरळ? मागच्या आळीत कोण धूर सोडणार? रस्त्यावरच्याच घरांना डास चावतेत का?"

"बाबा, आमी आरोग्यवाले न्हाई हो!" विश्वंभर खिडकीतून ओरडला. "ही टर्बो हाय! शंभर नंबर!"

"नंबर कोणता बी असू द्या! आमचा अर्ज नंबर सत्तावीस हाय. मागच्या आळीतून जा, मगच सोडतो!"

"आजोबा, मला दहाला हिंगोलीला पोचायचंय! तपासणी हाय!"

"तुमची तपासणी हाय ते चांगलंच हाय बाई! सांगा तिकडं, जांभळवाडीत काय हाल हायेत ते!"

पन्नास माणूस जमलं. गाडीपुढं म्हातारं, मागं म्हैस. विश्वंभर घामानं भिजला. बेचाळीस व्हिडिओंपैकी एकातबी म्हैस आडवी आल्यावर काय करायचं ते सांगितलेलं न्हवतं!

कोमलनं एकदा घड्याळ बघितलं. सात वाजून पंचवीस. मग तिनं दार उघडलं, खाली उतरली आणि असा आवाज काढला की विश्वंभरला वाटलं गाडीत दुसरंच कुणी बसलं होतं.

"ऐका! धुरानं काही होत न्हाई! आज पळालेले डास उद्या घरी येतेत! तो रांजण कुणाचा? झाकण कुठं हाय? आणि त्या टायरात पाणी काहून साचवलं? तिथंच तर अंडी घालून राहिलेत डास! पालथं करा! आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची. अख्ख्या गावानं, एकाच दिवशी!"

गाव बघतच राहिलं. मग एकीनं रांजण कलंडला. दुसऱ्यानं टायर उचललं. तिसरा टाकीवर चढला. आणि कोमल गाडीपुढं चालत, "हे पालथं करा, ते झाका," आणि मागून विश्वंभर पहिल्या गेअरमध्ये, धूर सोडीत, मागच्या आळीतून! शेजारून पोरांची मिरवणूक. आळी संपली तशी जळबाबाबांनी काठी बाजूला घेतली.

"आता जा. पण बाई, तुमी बोलता बराबर! आजवर जे आले ते नुसता कागद घेऊन गेले."

कोमल गाडीत बसली. आठला पाच कमी. विश्वंभर एकदाच म्हणला, "कोमे, चप्पल चिखलानं भरली तुझी." आणि समोरचं फडकं तिच्याकडं सरकवलं.

बाळापूर एक किलोमीटर राहिलं आणि गाडी खोकायला लागली. खॉक. खॉक. म्हाताऱ्यासारखी. पेट्रोल पंपाच्या पाटीपर्यंत आली, आत वळली, आणि नळीपासून दोन हातांवर बंद पडली. सव्वाआठ!

पंपावर संध्या होती, कोमलच्या वर्गातली. अंगात पंपाचा शर्ट, हातात नळी. तिनं धूर बघितला, दोघांना बघितलं.

"कोमल? अगं तुझी आज तपासणी ना? आणि विशूदादा, हे काय पेटवून आणलं?"

"संध्या, शंभर नंबरचं हाय का?" विश्वंभरनं धापा टाकत विचारलं.

"आपल्याकडं साधं हाय."

"साधं चालत न्हाई हिला! टर्बो हाय! नॉकिंग होईल, इंजन फुटंल..."

"कोण म्हणतं?"

"बेचाळीस..."

"गाडी काय म्हणते ते बघितलं का?" संध्यानं पेट्रोलचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला हळद-कुंकवाचा हा एवढा मोठा थर! वाळून पापडी झालेला.

"हे काय?" संध्यानं विचारलं.

कोमलनं कपाळावर हात मारला. "मायनं लावलं! गाडी आली त्या दिवशी. म्हणली, पोळ्याला बैलाच्या तोंडाला लावतो, मग हिचं तोंड कुठं हाय ते दाखवा!"

संध्यानं ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. खालून एक स्टिकर निघाला. तिनं तो वाचून दाखवला, शाळेत कविता वाचायची तशा सुरात: "पेट्रोल, एक्क्याण्णव किंवा त्याच्या वर." मग म्हणाली, "आमचं साधंच त्याच्या वर हाय, दादा. हे तर रोज ह्याच नळीतून भरायचं पेट्रोल हाय!"

विश्वंभर स्टिकरकडं बघत राहिला. गाडी आल्या दिवसापासून स्वतःच्या तोंडानं सांगून राहिली होती, आणि घरच्यांनी तिच्या तोंडाला कुंकू फासलं होतं!

"मग हा धूर कशाचा?"

तेवढ्यात फोन वाजला. माणिकराव. शेतातून.

"इशा, अरे तो पांढरा कॅन तू कुठून आणला होतास? लई भारी पेट्रोल होतं बघ! पाठीवरचा पंप असा चालला, असा चालला, की दोन एकर काल सांजेपर्यंत उरकलं!"

"आबा..." विश्वंभरचा आवाज बारीक झाला. "तुमी त्यातलं फवारणीच्या पंपात घातलं?"

"मग! गोठ्यात ठेवलेलं पेट्रोल फवारणीचंच असतंय की! दोन लिटर लागलं. आणि मी आधीच पुऱ्या कॅनात ऑइल मिसळून ठेवलं, मापानं, ते हिरवं-निळं येतंय ते. न्हाई तर पंप जाम होतो ना! उरलेलं हाय का अजून?"

विश्वंभरनं मागं बघितलं. उरलेलं बाळापूरच्या आभाळात हळूहळू पांगून राहिलं होतं.

"न्हाई आबा. उडालं."

संध्या एवढी हसली की तिला नळीचा आधार घ्यावा लागला. तिनं साधं पेट्रोल भरलं, गळ्यापर्यंत. विश्वंभरनं पाना आणायला डिक्की उघडली, म्हणलं प्लग पुसून बघू. आणि डिक्कीतून घरंगळत, टक-टक करीत, काय बाहेर आलं असंल?

नारळ!

शेंडीसकट, कुंकू लावलेला. बाराव्या दिवशी सकाळीच मायनं ठेवलेला. औंढ्याला जाताना नागनाथाला फोडायचा म्हणून! गाडी पळाली की मागं जाऊन आदळायचा, ब्रेक दाबला की पुढं. टर्बोचं नॉकिंग, शंभर नंबरची भूक, नव्वद किलोमीटरची वारी, सगळं ह्या एका नारळापायी!

"धम्मानंद म्हणला होता, डिक्की बघ," कोमल शांतपणे म्हणाली.

"त्याला सांगू नको, कोमे. तुला हात जोडतो."

प्लग पुसले, किल्ली फिरवली. पहिल्यांदा न्हाई. दुसऱ्यांदा न्हाई. कोमल डोळे मिटून बसली होती, फाईल गच्च धरून. विश्वंभरला टर्बो आठवला न्हाई, ऑक्टेन आठवलं न्हाई. त्याला आठवलं ते एवढंच, की मागच्या निकालाला ही पोरगी चार मार्कांनी हुकली तेव्हा चुलीपुढं बसून रडली होती आणि विचारलं तर म्हणली होती, धूर गेला डोळ्यात.

तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. घुर्रर्र! थोडा खोकला, थोडा धूर, आणि मग गाडी अशी चालली जशी सासरहून माहेरी निघालेली पोरगी! कळमनुरी कधी आली, कधी गेली! टकटक न्हाई, धूर न्हाई. नारळ कोमलच्या मांडीवर.

नऊ वाजून बावन्न मिनिटांनी हिंगोलीच्या ऑफिसासमोर गाडी उभी राहिली. कोमल चिखलाच्या चपलांनिशीच पळाली. विश्वंभर बाहेर थांबला, अख्खे अडीच तास, आणि मोबाईलला हात लावला न्हाई. ती बाहेर आली तेव्हा कपाळावर काजळी होती आणि तोंडभर हसू.

"झालं! सगळे कागद बराबर! साहेब म्हणले, एवढा धुराचा वास काहून येऊन राहिला? मी म्हणलं, जांभळवाडीहून आले."

येताना वाट वाकडी करून औंढ्याला गेले आणि नारळ फोडला.

त्यानंतर विश्वंभर सलूनात टर्बोवर बोलला न्हाई. गाडीत साधं पेट्रोल, तोंडात साधी भाषा. कुणी ऑक्टेन काढलं की तो विचारायचा, "झाकणावर काय लिहिलंय ते वाचलं का?" लोकांना वाटायचं, पोरगं लई शिकलं.

दोन महिन्यांनी कोमलची ऑर्डर आली. नेमणूक कुठं? आता हसू नका. जांभळवाडी उपकेंद्र!

पहिल्या दिवशी विश्वंभरच तिला सोडायला गेला. गाव वेशीवर उभं. रांजणांवर झाकणं, टायरं पालथी, दर शुक्रवारी भांडी कोरडी. ताप निम्म्याहून खाली आला होता, जळबाबाबांनी स्वतः सांगितलं. कोमलचे डोळे भरून आले.

मग जळबाबाबा गाडीला एक चक्कर मारून आले, मागं वाकून नळीत बघितलं आणि विश्वंभरच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरा, बाईंचं सगळं बराबर हाय. भांडी आमी कोरडी करतो. पण मागच्या आळीतले लोक ऐकत न्हाईत. त्यांना तुझा धूरच पाह्यजे. पोळ्याच्या आधी एक चक्कर मारशील का?"

"बाबा, गाडी आता साध्या पेट्रोलवर हाय! धूर सोडत न्हाई!"

"अस्सं व्हय?" जळबाबाबांचं तोंड पडलं. "मंग नवी गाडी चांगली होती ती बिघडवली काहून?"

गावातली पन्नास तोंडं विश्वंभरकडं आशेनं बघून राहिली होती. कोमल एका बाजूला मान हलवून 'न्हाई, न्हाई' करून राहिली होती. विश्वंभर खाली बघत गाडीपलीकडं गेला, खिशातून फोन काढला आणि आवाज बारीक करून म्हणला,

"आबा... ते ऑइल लिटराला किती टाकलं होतं?"